पोटखराबा

येवल्याच्या ईशान्येला, राजापूर-ममदापूरच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्या जुन्या सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली एक बारीक ओळ असायची: पोटखराबा, वर्ग अ. साधारण दीड एकर. ज्यांनी कधी सातबारा हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गटातला जो तुकडा पिकाच्या कामाचा नाही, तो पोटखराबा. खडक, नाला, खदान असेल तर वर्ग अ. रस्ता, पाणवठा, दफनभूमी असं गावाच्या कामासाठी सोडलेलं असेल तर वर्ग ब. वर्ग अ वर आकार बसत नाही, म्हणजे सारा नाही. सारा नाही म्हणून पीककर्ज देताना तो तुकडा धरत नाहीत, विम्यातही धरत नाहीत. सरकारच्या वहीत तो असून नसल्यासारखा.

तिथे काय होतं ते मला चांगलं आठवतं. पाऊस लागून राहिला की पवन्या आणि मारवेल गवत गुडघ्याला लागायचं. वरच्या उघड्या अंगाला नुसती कुसळी. चार-दोन बोरी, एक वाकडा हिवर. दिवाळीनंतर सगळं पिवळं पडलं की आजी विळा घेऊन बसायची. तिनं बांधलेल्या पेंढ्यांवर दोन बैल आणि एक गाय उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत निघायची. मग मेंढ्यांचा वाडा यायचा. टिटवीची अंडी दगडांत अशी मिसळलेली असत, की पाय पडता पडता दिसायची. पहाटे परसाकडेला गेलं की धुक्यात काळवीट उभे. आम्ही त्या तुकड्याला माळ म्हणायचो. त्याचं सरकारी नाव पोटखराबा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

२०१८ साली राज्य सरकारनं नियम बदलला. वर्ग अ मधली जमीन शेतकऱ्यानं मेहनत करून लागवडीखाली आणली, तर ती लागवडीयोग्य क्षेत्रात धरावी आणि तिच्यावर आकार बसवावा, असं ठरलं. ही मागणी जुनी होती आणि रास्तही होती. कित्येकांचे बाप-आजे अशा जमिनी वर्षानुवर्षं पिकवत होते आणि कागद त्यांना खराबा म्हणत होता. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, पुढच्याच वर्षी पोकलेन लावला. उंचवटा फोडून मुरूम पसरला, दगड बांधाला लावले, तलावातला गाळ ट्रॉल्यांनी आणून वर अंथरला. एका कोपऱ्यात शेततळं खोदून प्लॅस्टिकचा कागद टाकला. आठवडाभराचं काम. आता तिथे पावसाळ्यात मका आणि नंतर कांदा असतो. एका टोकाला, जिथे खडक फारच पक्का निघाला, तिथे दहा-बारा गुंठे माळ उरलाय.

हे सांगताना मी नानांवर आरोप करत नाही. माझं शिक्षण त्याच जमिनीवर झालं आणि मुंबई नाक्याजवळच्या फ्लॅटचं डाउन पेमेंटही काही प्रमाणात कांद्यानंच भरलं. पण शेतीच्या विस्तारानं जंगलं आणि गवताळ रानं कशी जातात, हा प्रश्न आपण अ‍ॅमेझॉनच्या नावानं बोलतो आणि सोडून देतो. तो नाशिक जिल्ह्यात उभं राहून बोलायचा तर मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. इथला माळ भुकेनं खाल्लेला नाही. तो पाणी, यंत्र आणि भाव या तिघांनी खाल्ला, आणि सातबाऱ्यावरच्या एका शब्दानं ते खाणं बिनबोभाट होऊ दिलं. तेव्हा उपायही तिथेच शोधायला हवा. तो गरिबाच्या झोपडीवर किंवा आदिवासीच्या नागलीच्या तुकड्यावर नोटीस डकवून सापडणार नाही.

जगाचे आकडे आधी सांगून मोकळा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०२१ मध्ये उपग्रहांच्या आधारे जे मांडलं, त्यानुसार जगातल्या जंगलतोडीपैकी जवळपास ९० टक्के तोड शेतीच्या विस्तारापायी होते. एकूण तोडीतली निम्मी पिकांखालच्या जमिनीसाठी, आणि ३८ टक्क्यांच्या आसपास गुरांच्या चराईसाठी. भारताची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्याकडे जंगलाला निदान कायदा आहे, खातं आहे, गार्ड आहे. गवताला यातलं काहीच नाही. भारतानं वाळवंटीकरणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारापुढे जी आकडेवारी ठेवली, तिच्यानुसार २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातलं गवताळ क्षेत्र सुमारे ३१ टक्क्यांनी घटलं. जवळपास एक तृतीयांश. एवढं जंगल दहा वर्षांत गेलं असतं तर संसद बंद पडली असती.

'खराबा' हा शब्द आला कुठून? इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी झाली, ती सारा ठरवण्यासाठी. जमिनीला विचारला गेलेला प्रश्न एकच: तू किती देशील? जी काही देत नव्हती ती पड किंवा खराबा. त्याआधीच्या राजवटींना गवताची किंमत कळत नव्हती असं नाही. घोडदळावर चालणाऱ्या राज्यात राखीव कुरणं असत आणि त्यांचा बंदोबस्त असे. घोडे गेले, मागून ट्रॅक्टर आला नि बैल गेले, आणि कुरणाचं काम करणारं कोणी उरलं नाही. शब्द तेवढा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम आली, तेव्हा पड जमीन हा देशद्रोहच वाटावा असं वातावरण होतं. त्या काळात ते समजण्यासारखं होतं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना रिकामी जमीन बघवत नाही, यातही मला नवल वाटत नाही. आजीचं सगळं आयुष्य त्या माळाच्या गवतावर निघालं, पण तिलाही तो पिकावा असंच वाटायचं.

पण त्या काळी माळ मोडायला एक नैसर्गिक अडथळा होता: तो मोडून उपयोग नव्हता. बाजरी आणि मटकी टाकली तरी तिसऱ्या वर्षी मुरूम वर यायचा. माणूस दमून सोडून द्यायचा, दहा-पंधरा वर्षांत गवत परत यायचं. शेत आणि माळ यांच्यातली हद्द अशी मागेपुढे सरकत राहायची.

ती हद्द कायमची मोडली ती फळबागांनी. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. द्राक्षाला पाणी साचलेलं चालत नाही. निफाडच्या काळ्या जमिनीत द्राक्षं होती. पण ठिबक आलं, कमी पाण्यात आणि हलक्या जमिनीत तग धरणारे डॉगरिजसारखे कलमाचे खुंट आले, आणि लक्षात आलं की चांदवड-दिंडोरीकडचा मुरमाड उतार तर निचऱ्याच्या दृष्टीनं उत्तमच आहे. डाळिंबाचंही तसंच. सटाणा, देवळा, मालेगावच्या हलक्या बरड जमिनी डाळिंबाला मानवल्या. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळू लागलं, आणि त्याचा रोखच पडीक, वरकस जमिनी फळाखाली आणण्याकडे होता. म्हणजे जी जमीन शंभर वर्षं खराब म्हणून वाचली होती, ती एका पिढीत सगळ्यांत किमती ठरली. काळ्या जमिनीचा शेतकरी मागे राहिला आणि बरडाचा मालक बंगला बांधून मोकळा झाला, अशी घरं मला चार-पाच तरी माहीत आहेत.

मग 'मागेल त्याला शेततळे' आलं, २०१६ मध्ये. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. एकीनं माळावर पाणी नेलं, दुसरीनं माती. यातली एकही योजना वाईट हेतूची नाही. धरणाचा गाळ काढणं चांगलं, शेतकऱ्याला हक्काचं पाणी मिळणं चांगलं. पण अर्जावर कुठे विचारलं जातं का, की हा गाळ ज्या जमिनीवर पसरायचा ती आत्तापर्यंत काय होती? ती जुनी शेती आहे की पहिल्यांदाच मोडली जाणारी रानजमीन? नाही विचारलं जात, कारण वहीत रानजमीन असा रकानाच नाही.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो: उत्पादकता वाढवा, म्हणजे कमी जमिनीत जास्त पिकेल आणि रानं वाचतील. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग हेच सांगत. गहू-तांदळाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. माणूस दिवसाला चारच्या जागी आठ चपात्या खात नाही. एकरी गहू वाढला तर एकर वाचू शकतो. पण द्राक्ष, डाळिंब, निर्यातीचा कांदा यांना कोणाच्या पोटाचं माप लागत नाही. तिथे एकरी उत्पन्न वाढलं की शेजारचा बरडही परवडायला लागतो. नाशिक जिल्ह्यानं राज्यात सर्वांत शहाणी, सर्वांत पाणीबचतीची फळशेती केली, आणि ठिबकनं वाचलेलं प्रत्येक थेंब पाणी नव्या एकरावर नेलं. हा दोष शेतकऱ्याच्या लोभाचा म्हणून मोकळं होता येत नाही. कांदा लासलगावात आज सोनं आणि उद्या माती. ज्याला दोन वर्षं तोट्याची काढायची असतात तो तिसऱ्या वर्षासाठी जास्त क्षेत्र लावणारच. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा बागा उपटल्या गेल्या. त्या रिकाम्या जमिनींवर पवन्या परत आला का? आलं ते गाजरगवत. एकदा मुरूम उलटा झाला आणि वर परकी माती पडली की जुनं गवत पाहुण्यासारखंही येत नाही.

आता पश्चिमेकडे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी. तिथला पाऊस येवल्याच्या कितीतरी पट आणि प्रश्न वेगळा. उपग्रहाच्या चित्रात मात्र दोन्ही सारखेच दिसतात: हिरवं होतं, चौकोनी झालं. कोकणा, वारली, महादेव कोळी माणसं उतारावर राब भाजून नागली-वरई घेत. दोन-तीन वर्षं पीक, मग जमिनीला विसावा. वनखात्यानं डोंगर राखीव केले तेव्हा माणसं आतच होती. पुढे कधी एकसाली पट्ट्यानं जमीन दिली, कधी काढून घेतली. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून शेतकऱ्यांचा जो लाँग मार्च निघाला आणि १२ तारखेला आझाद मैदानात पोचला, त्यात सुरगाण्याची माणसं का होती? ते कसत असलेल्या वनजमिनीचा कागद मागायला. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरलेली आहे, त्याआधीची कसवणूक, जास्तीत जास्त ४ हेक्टर. तरी दावे वर्षानुवर्षं पडून राहिले.

माझ्या मते ही दिरंगाईच जंगल तोडते. जोवर कागद नाही तोवर वहिवाट दाखवावी लागते, आणि वहिवाट दाखवायची म्हणजे दरवर्षी नांगर फिरवायचा. ज्याला जमिनीची खात्री नाही त्यानं तिला विसावा द्यायचा कसा? पड टाकली की उद्या कोणी म्हणेल, कसतच नव्हता. पूर्वीची फिरती नागली जाऊन उताराला कायमची शेती चिकटली, त्यात हा एक मोठा भाग आहे. नव्यानं साग सालून वाळवणारे हात तिथे नाहीतच असं मी म्हणणार नाही. तारखेनंतरचं अतिक्रमण अतिक्रमणच आहे, आणि ते कागदवाल्यांच्याच मुळावर येतं. पण नागलीचा तीन एकर तुकडा आणि पोकलेननं सपाट केलेला तीन एकर माळ यांना एकाच तागडीत टाकून 'शेतीचा विस्तार' म्हणणं मला पटत नाही.

गायरानांचंही असंच आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी लढवले. पड जमीन भूमिहीनाला द्या ही मागणी. ज्याला गावात घर बांधायला जागा नाही त्याला गायरानाचं पर्यावरणीय महत्त्व सांगायला जाणं म्हणजे निर्लज्जपणाच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हटलं, २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानांवरची दोन लाखांहून अधिक अतिक्रमणं हटवण्याचा विषय घेतला, आणि राज्यभर नोटिसा निघाल्या त्या बहुतेक घरांना. खासगी सातबाऱ्यातला माळ मात्र कायदेशीरपणे, अनुदान घेऊन, सत्काराचे फोटो काढून गेला. कुठल्याच न्यायालयाला तो दिसला नाही. दिसणार तरी कसा, तो तर खराबा होता.

जाऊन बिघडलं काय, असं विचारणारे असतातच. ममदापूरला २०१४ मध्ये काळविटांसाठी सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. चांगली गोष्ट. पण काळविटाला हद्दीचा दगड वाचता येत नाही. पूर्वी तो रानातून रानात जायचा, आता मक्यातून मक्यात जातो. शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतो, कुत्री मागे लागतात, उन्हाळ्यात पाण्यासाठी फिरता फिरता तो कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. लांडगा, खोकड, धाविक आणि पखुर्ड्यांसारखी पाखरं ही सगळी उघड्या रानाची मंडळी आहेत. त्यांना जंगल दिलंत तरी उपयोग नाही. निफाडच्या उसातला बिबट्या टिकला, कारण तो उसाला जंगल समजून पिल्लं घालतो. माळाच्या प्राण्याला अशी तडजोड येत नाही.

आणि माणसांत मेंढपाळ. धनगरांचा, ठेलारींचा वाडा पूर्वी दिवसा माळावर चरायचा आणि रात्री शेतात बसायचा. शेताला लेंडीखत, त्यांना धान्य. यातला दिवसाचा भाग गेला. आता मेंढ्या रस्त्याच्या कडेनं चरतात आणि ट्रकखाली येतात. दुधाची गाय गोठ्यात मक्याचा मुरघास खाते, म्हणजे गुरांचा चाराही शेतातूनच येतो, त्यासाठी आणखी मका, आणि आता इथेनॉलवाल्यांनाही मकाच हवा. एके काळी गवत गुरांना पोसायचं आणि शेताला खत द्यायचं. ते चक्र आपणच फिरवून उलटं केलं: शेतच गुरांना पोसतं, आणि खत पोत्यातून येतं.

यात शहरातल्या आपल्या मंडळींचा वाटा वेगळाच. २०२५ च्या अखेरीस तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी शेकडो झाडांवर खुणा पडल्या, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या. मीही गेलो होतो. पण तिथे घोषणा ऐकताना मनात एक पाल चुकचुकली. आपण म्हणत होतो, एक तोडलंत तर दहा लावा. ही दहा लावणार कुठे? जागा शोधायला निघालं की पहिली नजर माळावर जाते, कारण तो 'रिकामा' दिसतो. २०१६ ते २०१९ मध्ये राज्यात वृक्षलागवडीचे कोटींचे आकडे दरवर्षी चढत गेले, शेवटच्या वर्षी ३३ कोटी; त्या काळात चांगल्या गवताळ टेकड्यांना मी खड्ड्यांनी देवी आल्यासारखं झालेलं पाहिलंय. निम्मी रोपं मेली, खड्ड्यांच्या कडेची माती वाहून गेली, गवत विस्कटलं. आपला माळ हा उजाड झालेला जंगलाचा तुकडा आहे, ही समजूत आपल्याला शाळेपासून आहे. अलीकडे संशोधकांनी जुन्या मराठी कथा-गीतांतली झाडझाडोऱ्याची वर्णनं तपासून दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातली ही उघडी, काटेरी, गवताळ रानं निदान साडेसातशे वर्षं अशीच आहेत. म्हणजे हिवर-बोरीचा माळ हे कोणाच्या कुऱ्हाडीचं पाप नाही. तो तसाच होता.

मग करायचं काय? पहिली मागणी कागदाचीच. महसुली नोंदीत गवताळ रान असा स्वतंत्र वर्ग हवा, आणि तो ठेवणाऱ्याचं कर्ज, विमा, अनुदान यांत नुकसान होता कामा नये. आज माळ राखणारा खातेदार आपल्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र कमी करून घेतो. हा दंड आहे. शेततळं, गाळ, फळबाग यांचं अनुदान आधीच कसलेल्या जमिनीपुरतं ठेवावं. उपग्रहाची जुनी चित्रं आहेत, तपासायला फार तर पाच मिनिटं लागतील. नव्यानं माळ मोडायचाच असेल तर मोडू द्या, पण सरकारच्या पैशानं नको. वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे, फिरस्त्या मेंढपाळांचाही आहे. नाशिकच्या पूर्व भागात तो मागायला कोणी फारसं शिकवलेलं नाही. आणि वृक्षारोपणवाल्यांनी, ज्यांत मी स्वतःलाही धरतो, खड्डा खणण्याआधी खाली काय उगवलंय ते वाकून बघावं.

हे सगळं मी नानांना ऐकवलं. ते शांतपणे ऐकून घेतात, ही त्यांची पद्धत. मग म्हणाले, "अरे, गवत काय बँकेत भरू का? तुझं सरकार माळाचे पैसे देणार असेल तर उद्या मुरूम परत उपसून देतो." मी म्हटलं, मुरूम परत उपसून माळ होत नाही. "मग झालं तर," म्हणाले, "बोलून काय उपयोग?" पुढे कांद्याच्या भावाचा विषय निघाला आणि ते खरंच काळजीत होते, म्हणून मी वाद वाढवला नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही अर्धंच आहे. पोकलेनला अनुदान देणारं सरकार गवताला भाडं का देऊ शकत नाही, एवढंच मी विचारू शकतो.

गेल्या खरिपात त्यांच्या मोबाईलवर ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यासाठीची पिकांची नोंद, मीच भरून दिली. मका झाला, शेततळं झालं. उरलेल्या दहा-बारा गुंठ्यांसाठी 'कायम पड' निवडलं. फोटो काढायला त्या टोकाला गेलो. पवन्या फुलोऱ्यावर होता, हिवराखाली कसलं तरी बारकं पाखरू उडालं, आणि फोटो दोनदा हलला. तिसरा बरा आला. तो अपलोड केला, पड म्हणून.